एक नायिका, दोन आयुष्यं: दुहेरी वाटेचं संगीत नाटक कसं उभं करायचं

नायिकेसमोर दोन वाटा असतात, ती एक धरते आणि नाटक पुढे सरकतं, ही नेहमीची घडण. इथे बोलायचंय ते वेगळ्या घडणीबद्दल. यात ती दोन्ही वाटा धरते. एका प्रवेशात ती गावातच राहिलेली असते, पुढच्या प्रवेशात गाव सोडून गेलेली. दोन्ही आयुष्यं दोन अंकभर आलटूनपालटून चालतात आणि त्यात भरीला गाणी. हौशी संस्थेला किंवा एखाद्या महाराष्ट्र मंडळाला मोहात पाडणारा हा प्रकार आहे. नेपथ्य फार लागत नाही, नायिकेला भरपूर वाव असतो आणि समूहाला गायला मिळतं.

पण असं नाटक कोसळतं तेव्हा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी कोसळतं. आत्ता आपण कुठल्या वाटेवर आहोत, हेच प्रेक्षकाला समजत नाही. ‘इफ/देन’ हे ब्रॉडवेवरचं या घडणीचं सर्वांत ठळक उदाहरण. ब्रायन यॉर्की यांची संहिता, टॉम किट यांचं संगीत, मुख्य भूमिकेत इडिना मेन्झेल. ३० मार्च २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये ते सुरू झालं आणि ४०१ प्रयोगांनंतर मार्च २०१५ मध्ये थांबलं. एलिझाबेथ एका बागेत दोन मित्रांना भेटते. एकासोबत गेली तर ती लिझ होते, दुसऱ्यासोबत गेली तर बेथ. तिथल्या अनेक समीक्षकांनी गाणाऱ्या बाईचं कौतुक केलं आणि गोष्ट कुठे चाललीय ते कळत नाही म्हणून कुरकुर केली. त्यांच्या हाताशी ब्रॉडवेचं सगळं तंत्र होतं, तरीही. आपल्याकडे चार स्पॉट, भाड्याचे माईक आणि सहा आठवड्यांची तालीम असते. त्यामुळे सुरुवातीपासून प्रत्येक निर्णय या एका अडचणीकडे बघूनच घ्यायचा.

पुढचं सगळं एका काल्पनिक नाटकाच्या आधाराने सांगतो. नायिका रेवती, मिरजेची. वडील तंबोरे बनवणारे. तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलंय आणि मुंबईच्या सरकारी रुग्णालयातून नेमणुकीचं पत्र आलंय. हजर होण्याची मुदत उद्या संपते. इकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गायक जमतात तो उरूस तोंडावर आलाय, ऑर्डरी अडकल्यात, वडिलांचा हात थरथरायला लागलाय आणि घोडीवर जवारी लावण्याचं, म्हणजे तारांखालची घोडी घासून तंबोऱ्याला गुंजणारा नाद आणण्याचं, नाजूक काम आता घरात फक्त तिलाच जमतं.

फाटा कुठे फुटतो

फाटा एकाच प्रवेशात फुटावा, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत फुटावा आणि तो एका कृतीतून दिसावा. रेवतीपुढे दोन वस्तू ठेवा: प्रवासाची पिशवी आणि जवारीची कानस. ती पिशवी उचलते, खांद्याला लावते, दाराकडे वळते. समूहाचा एक स्वर, तीन सेकंद सगळे गोठलेले. मग ती मागे येते, पिशवी खाली ठेवते आणि कानस उचलते. यापुढे संवादातून काहीही समजावून सांगावं लागत नाही. ‘समजा मी गेले असते तर’ असं वाक्य लिहावंसं वाटलं तर कृती कमी पडतेय असं समजा.

‘इफ/देन’मध्ये फाटा योगायोगाचा आहे; ती कुणासोबत फिरायला जाते एवढाच. मला त्यापेक्षा निर्णयाचा फाटा बरा वाटतो. योगायोगाने फुटलेल्या वाटांवर नायिकेला नंतर स्वतःला काही विचारता येत नाही. रेवतीने स्वतः ठरवलंय, म्हणून दुसऱ्या अंकात ती स्वतःशी भांडू शकते आणि त्या भांडणातून पदं निघतात.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. दोन्ही वाटांवर मिळकत हवी आणि दोन्हींवर किंमतही मोजायला हवी. लेखकाचं मन एका बाजूला कललं की ते लगेच उघडं पडतं: मुंबईला गेली तर बाप गेला, राहिली तर सुखी झाली. म्हातारा एकाच वाटेवर मारू नका. मारायचाच असेल तर दोन्हीकडे मारा, एकाच तारखेला. मग एका वाटेवर ती उशाशी असते, दुसऱ्या वाटेवर रात्रपाळीत दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी असते, आणि प्रेक्षकांना न्याय करत बसायला जागा राहत नाही.

संहितेचं पहिलं वाचन झालं की जमलेल्यांना एकच प्रश्न विचारा: तिने काय करायला हवं होतं? मतं निम्मी निम्मी पडली तर तालमीला लागा. नऊ जण एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल तर पुन्हा लिहायला बसा.

भिंतीवरचा तक्ता

संवाद लिहिण्याआधी मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: मिरज, मुंबई आणि सामाईक. डावीकडे वरून खाली काळ. दोन्ही वाटांचा काळ बरोबरच पुढे जायला हवा. मिरजेत दोन वर्षं उलटली आणि मुंबईत अजून पहिलीच दिवाळी चाललीय असं झालं की प्रेक्षक हिशेब करायला लागतो, आणि हिशेब करणारा माणूस गाणं ऐकत नाही.

पहिला अंक साधारण सव्वा तासाचा, दुसरा त्याहून आखूड धरला तर सोळा ते अठरा प्रवेश पुरे. ते समान वाटू नका. फाट्यानंतर मिरजेचे सलग दोन प्रवेश, मग मुंबईचे सलग दोन, प्रत्येकी सहा-सात मिनिटांचे. प्रेक्षक आधी दोन्ही घरांत जरा बसू द्या. मध्यंतरानंतर प्रवेश आखूड करत न्या, शेवटच्या वीस मिनिटांत एक वाट दुसऱ्या वाटेच्या वाक्यात घुसली तरी चालेल. सुरुवातीपासूनच मिनिटामिनिटाला उड्या मारल्या तर लोक मध्यंतरात बटाटेवडा खाताना एकमेकांना गोष्ट विचारत बसतात.

तक्त्याचा खरा उपयोग इतर पात्रांसाठी होतो. या घडणीत प्रेक्षकाला सर्वांत जास्त मजा येते ती ओळखीची माणसं वेगळ्या नात्यात दिसतात तेव्हा. मुंबईत रेवती ज्याच्याशी लग्न करते, तो मिरजेच्या वाटेवर फक्त एकदा दुकानात येतो, बहिणीसाठी तंबोरा बघतो, महाग म्हणून परत जातो. दोन मिनिटांचा प्रवेश. प्रेक्षागृहात हलकीशी कुजबुज होते आणि रंगमंचावरच्या कुणालाच काही ठाऊक नसतं. अशा तीन-चार जागा आधीच ठरवून ठेवा आणि प्रत्येक पात्रासमोर लिहा: याला या वाटेवर काय माहीत आहे आणि काय नाही. हा तक्ता तालमीच्या खोलीत शेवटपर्यंत टांगलेला राहू द्या. नट तो रोज बघतात.

पदं आणि त्यांचे सूर

दोन तासांच्या आजच्या नाटकाला दहा-बारा पदं खूप झाली. त्यातलं एकही पद ‘मी दोन वाटांवर उभी आहे’ असं सांगणारं नको. ते घडणीतून दिसतंच आहे. पद लिहायचं ते त्या वाटेवर नायिकेला आत्ता काय हवंय त्याचं: पहिला पगार, पहिला स्वतः जुळवलेला तंबोरा, आईचा फोन न उचलल्याची बोच. सूत्रधार-नटी ठेवायचे असतील तर नांदीनंतर त्यांना एकच पद द्या आणि पुढे समूहात मिसळून टाका. दर प्रवेशाआधी येऊन ‘आता आपण मुंबईत आहोत’ सांगणारा सूत्रधार म्हणजे लेखकाने हात टेकल्याची पावती.

आता संगीतकाराचं काम, आणि या नाटकात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा. दोन वाटांना दोन वेगळे राग, ही पहिली सुचणारी कल्पना. पण थोडं थांबा. माणूस तर एकच आहे. तेच स्वर ठेवून भर बदलता येतो का? आपल्या संगीतात याची सुंदर सोय आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी सारखे, सा रे ग प ध. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; त्याचा जीव पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात रमतो. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. कानसेन खूश होतील. मात्र बाकीच्या प्रेक्षागृहाला हा फरक तीन सेकंदांत उमगणार नाही आणि आपल्या हातात तेवढेच असतात.

भूपातला गंधार कोमल केला की शिवरंजनी उभी राहते. हा फरक कुणालाही कळतो, पण त्यात दुसरा धोका आहे. शिवरंजनी लागली की दुःख आलंच. ज्या वाटेला ती द्याल त्या वाटेविरुद्ध संगीतकाराने निकाल दिला असं होईल. म्हणून शिवरंजनी वाटेला देऊ नका, एखाद्या क्षणाला द्या. वडील गेले त्या क्षणी दोन्हीकडे.

मला सर्वांत कामाचा वाटतो तो मूर्च्छनेचा मार्ग. भूपाचे पाचही स्वर तसेच ठेवायचे आणि पंचमालाच षड्ज मानायचं. कानाला दुर्ग ऐकू येतो. दुर्गही प्रसन्न, त्यात रडगाणं नाही, त्यामुळे कुठलीच वाट काळवंडत नाही. व्यवहारात हे असं जमतं. नायिका काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा) गात असेल तर मिरजेचा तंबोरा काळी चारचा. मुंबईचा प्रवेश आला की तो मागे घ्या आणि काळी दोनचा तंबोरा पुढे आणा. तिने गळ्यात काहीच बदलायचं नाही, स्वर तेच, फक्त पायाखालचा सा सरकतो. दोन इलेक्ट्रॉनिक तंबोरे किंवा दोन फोनवरची तंबोऱ्याची ॲप मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलवर घ्या, म्हणजे ध्वनी सांभाळणाऱ्याला एक दांडी खाली आणि दुसरी वर एवढंच करावं लागतं. एक खबरदारी: दुसरा तंबोरा पंचमाचाच, म्हणजे पहिली तार पंचमाला लावलेला हवा. दुर्गात मध्यम आहे म्हणून मध्यमाचा लावलात, तर काळी दोनचा मध्यम म्हणजे पुन्हा काळी चारच, दोन्ही तंबोऱ्यांत तेच दोन स्वर वाजतील आणि सगळा खटाटोप वाया.

आणि रेवती तंबोरे लावणाऱ्या घरातली आहे. सा सरकणं हा तिच्या गोष्टीचाच भाग होतो. तुमची नायिका बँकेत असेल किंवा द्राक्षबागेत, तर तिच्या कामातला एखादा आवाज शोधा आणि संगीताला त्याला बांधा. नोटा मोजण्याच्या यंत्राचा ठेकाही चालतो.

तालातही फरक ठेवा. मिरजेला दादरा, सहा मात्रा. मुंबईला केरवा, आठ मात्रा. दोन्ही एकाच लयीत धरले तर दादऱ्याची चार आणि केरव्याची तीन आवर्तनं झाली की चोविसाव्या मात्रेनंतर दोघांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, एकत्र येते. हे गणित शेवटच्या समूहगीतासाठी राखून ठेवा. दोन्ही वाटा एकाच वेळी गायच्या असतात आणि नायिका तर एकच आहे, ही या घडणीतली जुनी अडचण. ध्वनिमुद्रित आवाजाशी तिने स्वतःच गायचं, हा उपाय मला आवडत नाही. प्रयोगात लय जरा सरकली की फजिती. त्याऐवजी अर्धा समूह मिरजेचं पद दादऱ्यात गाऊ दे, अर्धा मुंबईचं केरव्यात, आणि रेवतीने फक्त त्या एकत्र येणाऱ्या समेवर आपली ओळ टाकावी. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर दर बारा सेकंदांनी तिची जागा येते. यासाठी तबल्याखेरीज दुसरा ताल धरणारा लागतो. तबलजीला दोन्ही ताल एकट्याने धरायला सांगू नका, तो हो म्हणाला तरी.

वाद्यांत मिरजेला ऑर्गन आणि तबला, मुंबईला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. साधी विभागणी पुरते.

खुणा

आपल्या प्रेक्षकाला एका नटीची दोन रूपं मानायची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’मध्ये (१९११) श्रीमंत भामिनी साधी वनमाला बनून धैर्यधराला भेटते आणि गरीब म्हणून आधी झिडकारलेल्या त्याच माणसाच्या प्रेमात पडते. वेष बदलला की प्रेक्षक मुकाट्याने मानतो. ही जमा आपल्या खात्यात आहे, ती वापरा. पण भामिनीला वेष बदलायला वेळ मिळतो, रेवतीला नाही.

‘इफ/देन’मध्ये लिझ चष्मा लावते आणि बेथ लावत नाही. नजीकच्या रांगांना हे पुरेल. आपल्या नाट्यगृहांत बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून चष्मा दिसत नाही, म्हणून खूण गळ्याखालची आणि मोठी हवी. मिरजेत रेवतीची ओढणी कमरेला घट्ट गुंडाळलेली, लाकडाच्या भुशात बसून काम करणाऱ्या बाईची. मुंबईत ओढणी नाहीच, अंगावर परिचारिकेचा पांढरा कोट. दोन्ही बदल तिला चालता चालता, प्रेक्षकांसमोर, चार पावलांत करता यायला हवेत. कोटाला बटणं नकोत, आतून चाप लावून घ्या. केशरचनेला हात लावू नका. अंबाडा सोडून वेणी घालेपर्यंत प्रवेश संपतो.

दुसरी खूण दिशेची. मिरजेत ती नेहमी एकाच विंगेतून येते आणि मुंबईत नेहमी समोरच्या विंगेतून. डावी म्हणजे नटाची डावी की प्रेक्षकाची, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नाहीतर रंगीत तालमीला दोन रेवत्यांची धडक व्हायची. तिसरी खूण तंबोरा, तो वर आलाच. या तीनपैकी कुठलीही एक बिघडली तरी उरलेल्या दोन खुणांवर प्रवेश ओळखता यायला हवा. तालमीत मुद्दाम एकेक खूण काढून बघा.

खुणा शेवटी चिकटवून भागत नाही. १९८१ मध्ये ब्रॉडवेवर ‘मेरिली वी रोल अलाँग’ आलं. तीन मित्रांची गोष्ट, उलट्या काळात मागे मागे जाणारी, आणि नट सगळे तरुण. पूर्वप्रयोगांत प्रेक्षकांना कोण कोण आहे ते कळेना, तेव्हा तयार झालेले पोशाख बाजूला सारून नटांना नावं आणि नाती छापलेले स्वेटशर्ट घातले. अधिकृत शुभारंभानंतर सोळा प्रयोगांत नाटक बंद पडलं. त्याची गाणी मात्र टिकली, आणि पुढे अनेक वर्षं दुरुस्त होत होत ते नाटक २०२३ मध्ये पुन्हा ब्रॉडवेवर येऊन टोनी पुरस्कार घेऊन गेलं. सोळा प्रयोगांवर खचायचं नाही हे खरं, पण स्वेटशर्टची वेळ आपल्यावर येऊ नये एवढं तक्त्यावर असतानाच बघता येतं.

प्रकाश

प्रकाशयोजनाकार बहुधा सांगेल, गावाला अंबर आणि शहराला निळा. नको म्हणा. अंबर उबदार, निळा थंड. म्हणजे गाव चांगलं आणि शहर वाईट, हा निकाल दिव्यांनीच दिला. रंगाऐवजी दिशा बदला. मिरजेचं दुकान रस्त्याला उघडं, तिथे उजेड दारातून आडवा येतो. विंगेत स्टँडवर दोन दिवे लावून तो मिळतो. रुग्णालयाच्या वॉर्डात उजेड छतावरून येतो, तिथे बारवरचे वरचे दिवे. आडव्या उजेडात चेहऱ्याची एक बाजू सावलीत राहते, वरच्या उजेडात डोळ्यांखाली सावली पडते. हा फरक लहान नाट्यगृहातही मिळतो आणि जिलेटिनचे कागद शोधत फिरावं लागत नाही.

प्रवेशांच्या मधे ब्लॅकआऊट टाळा. अठरा प्रवेशांत सतरा वेळा अंधार झाला की लोक घड्याळ बघतात. एक दिशा मावळत असतानाच दुसरी उजळायला हवी आणि त्या मधल्या उजेडात रेवती कोट चढवताना दिसली तर उत्तमच. पूर्ण काळोख फक्त दोनदा: मध्यंतराला आणि शेवटी.

नायिका

ही भूमिका करणारी मुलगी जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर असते. तिला प्रत्येक अंकात सलग चार-पाच मिनिटांची सुटका लिहून द्या. वडिलांचं पद, वॉर्डातल्या आयांचं समूहगीत, काहीही. तिची पट्टी शांत खोलीत ठरवू नका, दोन प्रवेश धावून झाल्यावर ठरवा. दम लागला की आवाज अर्धा-एक सूर खाली बरा वाटतो. पट्टी बदलली तर दोन्ही तंबोरे बदलतात, हे लक्षात ठेवा. काळी चारची पांढरी पाच केली तर दुसरा तंबोरा पांढरी दोनचा होतो. दोन्ही विंगांत कोमट पाणी ठेवा. आणि समूहातल्या एकीला पूर्ण भूमिका पाठ करून घ्या. पहिल्या दिवसापासून तिला सांगून ठेवा, म्हणजे नंतर रुसवेफुगवे होत नाहीत.

गाणारी निवडावी की अभिनय करणारी? संगीत नाटकातला हा सनातन वाद. या नाटकापुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: अभिनय करणारी, सुरात गाऊ शकणारी. दोन रेवत्यांची चाल वेगळी दिसली पाहिजे, तान कमी पडली तरी भागतं.

तालीम

सहा आठवडे हातात असतील तर पहिल्या आठवड्यात वाचन आणि पदं. दुसऱ्यात फक्त मिरज: मिरजेचे सगळे प्रवेश सलग, मुंबई जणू लिहिलीच नाही अशा रीतीने. तिसऱ्यात फक्त मुंबई. नटांना आपापली गोष्ट सरळ रेषेत एकदा जगू दिली की नंतर तुकड्यांत करताना ते हरवत नाहीत. हा क्रम मोडून पहिल्याच दिवशी संहितेच्या क्रमाने उभं राहिलात, तर रेवती चौथ्या आठवड्यातही दिग्दर्शकाला विचारत राहील, ‘इथे बाबा आहेत की गेलेत?’

चौथ्या आठवड्यात शिवण. त्यात रोज अर्धा तास फक्त सांध्यांची तालीम: प्रवेशातली शेवटची दोन वाक्यं, बदल, पुढच्या प्रवेशातली पहिली दोन वाक्यं. मधलं सगळं सोडून द्यायचं. सतरा सांधे असे एकापाठोपाठ एक केले की नाटक कुठे अडखळतं ते लख्ख दिसतं. या तालमीला तंबोरा सांभाळणारा आणि प्रकाशवाला दोघंही हजर हवेत. ‘मी रंगीत तालमीला येतो’ हे उत्तर इथे चालत नाही.

एक जण फक्त वही सांभाळेल. कुठल्या वाटेवर तिच्या हातात कुठली वस्तू, बोटात अंगठी आहे की नाही, भिंतीवर वडिलांच्या तसबिरीला हार आहे की नाही. वडील गेल्यानंतरच्या प्रवेशांसाठी हार घातलेली तसबीर, ते अजून फोनवर बोलत असतानाच मागे दिसली, तर गंभीर प्रवेशात हशा पिकतो.

ध्वनी आणि कागदपत्रं

नायिकेला गालावरचा माईक द्या, समूहाला वरून टांगलेले किंवा पुढचे माईक पुरतात. कोट चढवताना कॉलरचा माईक घासतो आणि खरखर ऐकू येते, म्हणून छातीवरचा नको. वाद्यमेळ बाजूला बसवा आणि ऑर्गनवाल्याला रेवतीची पावलं दिसतील अशी जागा द्या. इशारा तिच्या चालण्यावर असतो, शब्दावर नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पदंही संहितेचाच भाग आहेत, ती मागाहून लिहून होतील असं समजून अर्धवट प्रत पाठवू नका. दोन आयुष्यं समांतर दाखवण्याच्या कल्पनेवर कुणाची मालकी नाही. पण परदेशी नाटकाचं भाषांतर, त्यातली चाल किंवा बाजारात मिळणारा तयार ट्रॅक वापरायचा तर हक्कदारांची लेखी परवानगी हवी. जुनी नाट्यपदं घ्यायची असतील तर हिशेब सोपा आहे. आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, ती पदं आता मोकळी आहेत. जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चालींना परवानगी लागेल. कुणाच्या तरी ध्वनिमुद्रिकेतला तुकडा जसाच्या तसा वाजवणं ही आणखी वेगळी गोष्ट, तिचे हक्क वेगळे.

परका प्रेक्षक

रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी, ज्यांना गोष्ट अजिबात माहीत नाही अशा वीसेक माणसांसमोर पूर्ण नाटक करा. घरचे नकोत, त्यांनी पाठांतर ऐकलेलं असतं. प्रत्येकाला कागद आणि पेन द्या. दर प्रवेश सुरू झाला की त्यांनी फक्त मि किंवा मुं लिहायचं आणि खात्री नसेल तर फुली मारायची. नाटक कसं वाटलं हे विचारूच नका, सगळे छानच म्हणतात. कागद गोळा करून तक्त्याशेजारी लावा. फुल्या कुठे साचल्यात ते दिसेल. बहुधा त्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला असतात, कारण मध्यंतरात प्रेक्षक विसरतो. तिथला पहिला प्रवेश थोडा सैल ठेवा आणि तंबोरा पडदा उघडण्याआधीच सुरू करा.

जिथे फुल्या आहेत तिथे खुलासा करणारं वाक्य घालण्याचा मोह होईल. लेखकही तेच सुचवेल. ते करू नका. आधी त्या प्रवेशाच्या अलीकडचा एखादा प्रवेश काढून बघा. बऱ्याचदा गोंधळ त्या जागी नसतो, त्याआधीच्या दोन उड्यांत असतो. मग खूण मोठी करून बघा. तरीही फुल्या राहिल्या तर तो प्रवेश दुसऱ्या वाटेवर हलवा. सोळापैकी दोन प्रवेश गेले तर नाटक दहा मिनिटांनी आटोपशीर होतं, आणि ज्या नटाचा प्रवेश गेला त्याची समजूत घालायला आठवडा हातात उरतो.